रेग्युलेशन १५७ मधला काळजीपूर्वक माणूस

संयुक्त राष्ट्रांच्या ‘रेग्युलेशन क्रमांक १५७’ या दस्तऐवजात एक माणूस राहतो. त्याला नाव नाही, वय नाही, गाव नाही. तो गाडी चालवतो एवढंच आपल्याला कळतं. शेजारच्या लेनमधली गाडी आपल्यापुढे घुसतेय, हे ओळखायला त्याला ०.४ सेकंद लागतात. ओळखल्यापासून ब्रेक लागेपर्यंत आणखी ०.७५ सेकंद जातात. मग तो गुरुत्वाकर्षणाच्या ०.७७४ पट दराने वेग कमी करतो. दस्तऐवज त्याला सक्षम आणि काळजीपूर्वक मानवी चालक म्हणतो. आपोआप चालणाऱ्या गाडीने किमान त्याच्याइतकं तरी चांगलं असावं, अशी अपेक्षा आहे. या माणसाला जी धडक टाळता आली असती, ती यंत्रालाही टाळता आलीच पाहिजे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिणं हे माझं पुण्यातलं काम. आमच्याकडे असे दस्तऐवज एकाच हेतूने वाचले जातात: यातली कोणती ओळ आपल्याला लागू होते आणि तिच्यासाठी किती टेस्ट केस लिहाव्या लागतील. पुस्तक वाचावं तसं हे कोणी वाचत नाही. पण ते तसंही वाचायला हवं, असं माझं मत आहे. कारण यंत्राने रस्त्यावर कसं वागावं, याबद्दल अनेक देशांनी मिळून लिहिलेला हा पहिला बंधनकारक मजकूर. आणि कुठल्याही मजकुरासारखा यालाही एक दृष्टिकोन आहे. त्याला काही गोष्टी लख्ख दिसतात आणि काही अजिबात दिसत नाहीत. माझं गाव कोयनानगर. हा मजकूर तिथे बसून वाचला की त्याला न दिसलेल्या गोष्टींची यादी बरीच लांब होते.

जिनिव्हात काय लिहिलं गेलं

आधी थोडी पार्श्वभूमी. वाहनांचे नियम जगभर जुळावेत म्हणून जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा एक मंच चालतो. त्याचं प्रचलित नाव डब्ल्यूपी-२९. नाव युरोपीय असलं तरी आता त्यात जपान, चीन, अमेरिका, भारत सगळे बसतात. या मंचाखाली दोन मोठे करार आहेत. १९५८ च्या करारातल्या देशांनी एकमेकांची मंजुरी मान्य करायची असते, म्हणजे या करारातल्या नियमाखाली जर्मनीत पास झालेली गोष्ट जपानला पुन्हा तपासावी लागत नाही. १९९८ चा करार सैल आहे. त्यात जागतिक तांत्रिक नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि प्रत्येक देशाने ते आपापल्या कायद्यात आणण्याची प्रक्रिया करायची. अमेरिका आणि चीन या दुसऱ्या करारात आहेत. भारतही २००६ पासून त्यातच आहे. १९५८ च्या करारात आपण नाही.

रेग्युलेशन १५७ हे १९५८ च्या करारातलं अपत्य. जून २०२० मध्ये ते मंजूर झालं आणि जानेवारी २०२१ मध्ये लागू झालं. त्याचा विषय एकच: गाडीने स्वतःहून आपली लेन धरून चालणं. सुरुवातीला वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती १३० पर्यंत गेली आणि लेन बदलण्याचीही मुभा मिळाली. दोन अटी मात्र तशाच आहेत. रस्त्यावर पादचारी आणि सायकलस्वारांना बंदी हवी आणि समोरून येणारी वाहतूक भौतिक दुभाजकाने वेगळी केलेली हवी.

हा मजकूर मला आवडतो. ही टीका करायला बसले असले तरी हे आधी सांगायला हवं. गाड्यांच्या जाहिरातींची भाषा ज्यांनी वाचली असेल त्यांना या दस्तऐवजाचा कोरडेपणा औषधासारखा वाटेल. जाहिरात म्हणते, गाडी स्वतः चालते. दस्तऐवज विचारतो: कुठल्या रस्त्यावर, किती वेगाने, आणि चालेनाशी झाली तर काय? गाडीला जमेनासं झालं तर तिने माणसाला इशारा द्यायचा आणि साधारण १० सेकंद वाट पाहायची. माणसाने स्टिअरिंग हाती घेतलं नाही तर धोका कमीत कमी राहील अशा रीतीने, धोक्याचे दिवे लावून, स्वतः थांबायचं. आणि गाडीत एक नोंदयंत्र हवं. प्रणाली कधी सुरू झाली, कधी बंद झाली, माणसाला कधी हाक मारली, हे सगळं त्यात उतरलं पाहिजे. म्हणजे अपघातानंतर ‘त्या क्षणी गाडी नेमकं कोण चालवत होतं’ या प्रश्नाला उत्तर असेल. कंपनीने माणसाकडे आणि माणसाने कंपनीकडे बोट दाखवण्याची सोय या एका कलमाने बरीच कमी होते.

आपली मर्यादा आधीच सांगून टाकण्याचा प्रामाणिकपणाही त्यात आहे. महाराष्ट्राच्या नकाशावर तो बसवून पाहा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तो काही प्रमाणात बसेल, ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर बसेल, आणि मग यादी जवळजवळ संपेल. लेखकांनी ‘आम्ही इथवरच बोलतोय’ असं म्हटलं असताना ‘तुम्ही आमच्या घाटाबद्दल का बोलला नाहीत’ असं विचारणं अन्यायाचं ठरेल. माझी तक्रार त्या मर्यादेबद्दल नाही. ती त्या माणसाबद्दल आहे. कारण दस्तऐवज आपल्या रस्त्यांवर थांबला तरी तो माणूस थांबलेला नाही. पुढच्या, बऱ्याच मोठ्या नियमांच्या चर्चेत तोच मोजपट्टी म्हणून पोहोचला आहे.

हा माणूस कुठे राहतो?

त्याचे आकडे उलगडून पाहू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. ०.४ आणि ०.७५ मिळून १.१५ सेकंद. तेवढ्यात गाडी १९ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचा असतो. त्यानंतर ०.७७४ चा पूर्ण जोर मिळाला तर आणखी १८ मीटरच्या आसपास. पण हा जोर येतो टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून. एवढं घर्षण मिळायला रस्ता कोरडा हवा, डांबर चांगलं हवं, टायर झिजलेले नकोत. म्हणजे आपला माणूस कोरड्या प्रदेशात राहतो. जुलैमध्ये कुंभार्ली घाटात, लाल माती वाहून आलेल्या वळणावर, त्याच्याकडे हे ०.७७४ नसतं. कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत.

आता त्याच्यापुढचे प्रसंग. मूळ दस्तऐवजाच्या या प्रारूपात ते तीन आहेत. शेजारची गाडी अचानक आपल्या लेनमध्ये घुसते. पुढची गाडी अचानक लेन सोडते आणि तिच्यापुढे काहीतरी उभं असतं. पुढची गाडी जोरात ब्रेक मारते. तिन्ही प्रसंगांत लेन आहेत, गाड्या आहेत, सगळे एकाच दिशेने चाललेत. आणि तिन्हींत हा माणूस एकच गोष्ट करतो: ब्रेक दाबतो. तो हॉर्न वाजवत नाही. डिपर देत नाही. साईड देत नाही आणि घेत नाही. काचेतून हात बाहेर काढून मागच्याला ‘थांब’ म्हणत नाही. समोरच्या चालकाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. रस्त्यावर तो एकटाच आहे आणि बाकीचे सगळे त्याच्यासाठी हलणारे ठोकळे आहेत.

माझे एक मामा एसटीत चालक होते. कराड, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण या रस्त्यावर त्यांची अनेक वर्षं गेली. सक्षम आणि काळजीपूर्वक हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तेच आठवले, आणि दस्तऐवजातला माणूस त्यांच्याशी कुठेच जुळेना. मामांच्या काळजीचा मोठा भाग ब्रेकच्या आधी संपलेला असायचा. आंधळ्या वळणाच्या अलीकडे हॉर्न, आणि मग पलीकडून उत्तर येतंय का ते ऐकणं. चढणाऱ्या गाडीला आधी जागा देणं. तो तर आपल्या कायद्यातलाही नियम आहे. धुक्यात पांढरी पट्टी दिसेना झाली की दरीच्या बाजूच्या कठड्यावर नजर ठेवणं. समोरून येणाऱ्या ट्रकने दोनदा डिपर दिला तर पुढे काहीतरी आडवं आहे असं समजणं. दरड असेल, गवा असेल, बंद पडलेला टँकर असेल. मामांच्या रिअ‍ॅक्शन टाइमचा आकडा कोणी काढला असता तर तो कदाचित ०.७५ पेक्षा वाईट निघाला असता. पण त्यांना रिअ‍ॅक्ट करायची वेळच क्वचित यायची.

ही आठवण काढून माणूस यंत्रापेक्षा थोर असं मला म्हणायचं नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, १९.५ टक्के पायी चालणारे. गाड्या चालवणारी सगळीच माणसं मामांसारखी असती तर हे आकडे असे नसते. माणूस झोपतो, पितो, फोन बघतो. यंत्र यातलं काही करत नाही. म्हणूनच यंत्रापुढे कोणता माणूस आदर्श म्हणून ठेवायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि या आकडेवारीकडे पाहून हेही लक्षात घ्या की जे मरतात त्यांच्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक रेग्युलेशन १५७ च्या रस्त्यावर जवळपास नसतातच. पादचारी आणि सायकली तिथे मुळातच वर्ज्य. आपल्याकडच्या समृद्धी आणि एक्सप्रेसवेवर दुचाकींनाही बंदी.

अपेक्षित, पण कोणाला?

या सगळ्या मजकुराचा कणा एका वाक्प्रयोगात आहे. वाजवीपणे अपेक्षित असलेली आणि टाळता येण्याजोगी धडक प्रणालीने होऊ देता कामा नये, असा त्याचा आशय. ‘वाजवीपणे अपेक्षित’ हा शब्द कायद्याला आवडतो, कारण तो लवचिक असतो. सॉफ्टवेअरला लवचिक काही चालत नाही. कोणाला तरी यादी करावी लागते: हे अपेक्षित, हे नाही. आणि ही यादी करणाऱ्याच्या खिडकीतून जो रस्ता दिसतो तोच यादीत उतरतो.

याचं सगळ्यात कठोर उदाहरण १८ मार्च २०१८ चं. अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी-गाडीने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती गेली. ती सायकल हातात धरून चालत होती. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालातून कळलं की सेन्सर्सना ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. आपल्या काळजीपूर्वक माणसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या जवळजवळ पाचपट वेळ हाताशी होता. पण प्रणालीने तिला कधी गाडी म्हटलं, कधी ‘इतर’, कधी सायकल. नाव बदललं की ती कुठे चालली आहे याचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून. कारण झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या रचनेत धरलेली नव्हती. डोळे चांगले होते. यादी अपुरी होती.

आता कराड-पाटण रस्त्यावर नोव्हेंबर ते मार्च उभे राहा. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो. एक ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस. मागचा दिवा बहुधा नसतोच. नशीब असेल तर लाल रेडियमची पट्टी, तीही चिखलाने किंवा पाचटाने झाकलेली. ट्रॅक्टर रात्रीही चालतो, आणि टायर फुटला तर तो रस्त्यातच उभा राहतो, मागे चार दगड लावून. साताऱ्या-सांगलीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, ही गोष्ट अपेक्षित आहे की नाही. तो हसेल. ती इतकी अपेक्षित आहे की हंगाम सुरू झाला की घरातून निघताना ‘ट्रॉल्या सुरू झाल्यात, जपून जा’ हे वाक्य आपोआप येतं. पण प्रसंगांची यादी ज्या देशांच्या रस्त्यांवरून तयार झाली तिथे ही ट्रॉली नाही. मग ती यंत्राच्या लेखी अपवाद ठरते. आमच्या धंद्यात याला ‘एज केस’ म्हणतात. पाच महिने रोज दिसणाऱ्या गोष्टीला कडेची गोष्ट म्हणायचं असेल तर मध्यभाग कुठे आहे हे कोणीतरी सांगायला हवं.

हे दुरुस्त होऊ शकतं याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. यंत्राला रस्ता ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘सिटीस्केप्स’ हा चित्रसंग्रह मुख्यतः जर्मन शहरांतला. हैदराबादच्या आयआयआयटीमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ तयार केला: हैदराबाद, बेंगळुरू आणि आसपासच्या रस्त्यांवरची १०,००० चित्रं, ३४ वर्ग. त्यात ऑटोरिक्षा हा स्वतंत्र वर्ग आहे, प्राणी हा वर्ग आहे. मला सगळ्यात आवडतो तो आणखी एक वर्ग: रस्ता नाही, पण वेळ आली तर गाडी घालता येईल अशी बाजूची जमीन. ज्याने आपल्याकडे एसटीला साईड दिली आहे त्याला हा वर्ग समजावून सांगावा लागत नाही. डांबराखाली एक चाक उतरवणं ही आपल्या वाहतुकीतली मूलभूत क्रिया आहे, आणि कोणीतरी तिला नाव दिलं. नाव दिल्यावरच ती यंत्राला दिसू लागते.

शून्य क्रमांकाचा पट्टा

कोयनानगरचं नाव घेतलं की लोक धरण आणि भूकंप या दोनच गोष्टी विचारतात. या विषयात मलाही भूकंपाकडेच जावं लागतं. कारण ‘अपेक्षित’ या शब्दाची किंमत आमच्या गावाने एकदा मोजली आहे.

१९६२ साली भूकंपरोधक रचनेचं भारतीय मानक आलं, क्रमांक १८९३. त्यातल्या नकाशात देशाचे ० ते ६ असे सात पट्टे होते. होय, एक पट्टा शून्य क्रमांकाचा होता. दख्खनचं पठार तेव्हा एकूणच स्थिर मानलं जात असे. कोयनेचं १०३ मीटर उंच धरण बांधताना भूकंपासाठी म्हणून वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ०.०५, इतकं आडवं बल गृहीत धरलं होतं. त्या काळच्या समजुतीनुसार हा हलगर्जीपणा नव्हता. ती सक्षम आणि काळजीपूर्वक अभियंत्याची रचना होती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हलली. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने नोंदवलेला कमाल धक्का प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा, ०.४९ होता. ०.०५ आणि ०.४९ यांची थेट तुलना करणं बरोबर नाही. एक आकडा रचनेत धरलेल्या स्थिर बलाचा आहे, दुसरा क्षणभराच्या कमाल धक्क्याचा. तरी अंतर कळायला तेवढं पुरेसं आहे. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. नंतर त्याला मागून भक्कम आधार देण्यात आले.

पुढे जे झालं ते नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. १९७० मध्ये मानक सुधारलं. पट्टे सात होते ते पाच झाले आणि शून्य क्रमांकाचा पट्टा नकाशावरून कायमचा गेला. कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात आला. देशात कुठेही भूकंपाची शक्यता शून्य आहे असं म्हणायचं नाही, हे त्या दुरुस्तीने मान्य केलं. आणि धरणाच्या आतल्या त्या यंत्राची नोंद जगभर गेली. अमेरिकेत अनिल चोप्रांसारख्या अभियंत्यांनी तिच्यावरून काँक्रीटची धरणं भूकंपात कशी वागतात याचा अभ्यास केला. आज ‘अबॅकस’ हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला उदाहरण म्हणून मिळतं ते कोयनेचं धरण.

त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, नकाशावरचा शून्य त्या जमिनीचं वर्णन करत नव्हता. आपल्याला किती माहीत आहे त्याचं वर्णन करत होता. आज यंत्राच्या प्रसंग-यादीत उसाच्या ट्रॉलीपुढे जो शून्य आहे तो याच जातीचा आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या पहाटे धरणात यंत्र आधीपासून बसवलेलं नसतं तर आपल्याकडे तडे आणि मृतांची संख्या एवढंच उरलं असतं. अपघाताआधी बसवलेलं नोंदयंत्र आणि त्याची सगळ्यांना वाचता आलेली नोंद, यामुळे एका गावाचं नुकसान जगाच्या ज्ञानात जमा झालं. नुकसान त्यामुळे कमी झालं नाही. पण ते वायाही गेलं नाही.

नवा मसुदा आणि त्याचा वाचक

रेग्युलेशन १५७ मधल्या आकड्यांवर जी टीका मी केली ती जिनिव्हातल्या मंडळींनाही माहीत आहे. प्रत्येक प्रसंगाला आकडा लावत बसलो तर यादी कधीच संपणार नाही, हे त्यांना उमगलं आहे. म्हणून स्वयंचलित वाहनचालनाच्या नव्या जागतिक नियमाची रीतच वेगळी धरली आहे. जून २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं ठरली. त्यावरून १९५८ आणि १९९८ अशा दोन्ही करारांसाठी जुळे नियम, जून २०२६ हे लक्ष्य ठेवून, लिहायला घेतले गेले. यात फक्त लेन धरून चालण्यापुरतं बोलणं नाही; माणसाच्या जागी गाडी चालवणारी कोणतीही प्रणाली त्यात येते.

नवी रीत थोडक्यात अशी. प्रणाली कुठे, कोणत्या हवामानात, कोणत्या रस्त्यावर चालेल हे कंपनीने आधी सांगायचं. ती सुरक्षित का आहे याचा पुराव्यांसह युक्तिवाद लेखी मांडायचा. धंद्यातला शब्द ‘सेफ्टी केस’. कंपनीच्या आतली सुरक्षेची व्यवस्था तपासली जाईल. सिम्युलेशन, ट्रॅकवरची चाचणी आणि प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी होईल. गाडी विकल्यावरही तिच्या वागण्यावर लक्ष राहील आणि गंभीर घटना कळवाव्या लागतील.

मजकूर म्हणून ही मोठी सुधारणा आहे. आकड्यांचा माणूस मागे सरतो आणि युक्तिवाद पुढे येतो. ‘आम्ही ट्रॉलीचा विचार केला आहे आणि हा त्याचा पुरावा’ असं कंपनीला सांगता येईल, आणि सांगितलं नाही तर विचारताही येईल. पण इथेच अडचण सुरू होते. आकडा तपासायला मीटर लागतो. युक्तिवाद तपासायला वाचक लागतो, तोही असा, ज्याला न लिहिलेलं दिसतं. सेफ्टी केस लिहिते कंपनी. तिच्यात काय नाही हे सांगायचं काम ज्याचं त्याला तो रस्ता माहीत असायला हवा.

वाचक फसवला गेला तर काय होतं, तेही घडून गेलं आहे. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत एका माणसाने चालवलेल्या गाडीने पादचारी महिलेला उडवलं आणि ती शेजारच्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी तिच्यावर गेली आणि थांबली. मग टॅक्सीने टक्कर बाजूने झाली असा चुकीचा अर्थ लावला आणि वाहतुकीच्या आड येऊ नये म्हणून रस्त्याच्या कडेला जायला निघाली. महिला खाली अडकलेली होती. तिला साधारण २० फूट फरपटत नेलं गेलं. धोका कमीत कमी करण्याची जी हालचाल नियमांत शिकवलेली असते, तीच हालचाल तिथे धोका बनली. पण कंपनीला भोवलं ते एवढंच नाही. नियामकांना दिलेल्या माहितीत फरपटण्याचा भाग नीट सांगितला गेला नव्हता. कॅलिफोर्नियाने २४ ऑक्टोबरला परवाना थांबवला. पुढच्या वर्षी अमेरिकी वाहतूक सुरक्षा प्रशासनाने अपुऱ्या अहवालासाठी १५ लाख डॉलरचा दंड लावला, आणि त्या वर्षाअखेर मालक असलेल्या जनरल मोटर्सने हा टॅक्सीचा धंदाच सोडला. यंत्राची नोंद होती. ती वेळेवर, पूर्ण, योग्य माणसाच्या हाती पडण्याचा प्रश्न होता. कोयनेच्या नोंदीचं नेमकं उलटं उदाहरण.

आपली खुर्ची

भारताची भूमिका काय? सार्वजनिक चर्चेत आपल्याला एकच वाक्य आठवतं. चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे चालकांचे रोजगार जातील, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये म्हटलं आणि २०२३ मध्ये नागपुरात पुन्हा म्हटलं. ज्या घरात एसटीचा पगार आला आहे त्या घरातून मी आले आहे; हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. पण तो अपुरा आहे. गाडी पूर्णपणे स्वतः चालेल की नाही हा पुढचा प्रश्न झाला. लेन धरणारी, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी, स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा ‘एडास’ या नावाने आपल्याकडच्या शोरूममध्ये केव्हाच आली आहे. २०२१ पासून मध्यम किमतीच्या देशी गाड्यांतही ती मिळते. त्या गाड्या दिवाळीच्या सुट्टीत याच घाटातून कोकणात उतरतात. मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने काढलेल्या मसुद्यात बस-ट्रकांसाठी आपत्कालीन ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा, चालकाच्या डुलकीचा इशारा अशा यंत्रणांचा प्रस्ताव आहे. म्हणजे दारातून ‘नको’ म्हणत असताना खिडकीतून ते आत आलंय, आणि यायलाही हवं होतं. मामांच्या जागी आज जो चालक सलग ड्यूटी करतोय त्याला डुलकीचा इशारा मिळाला तर वाईट काय?

म्हणून ‘नको’ या शब्दाने जिनिव्हातली आपली जागा भरत नाही. १९९८ च्या करारात जागतिक नियम बहुमताने होत नाही. मतदानाला हजर असलेल्या सदस्य देशांची सर्वसंमती लागते. म्हणजे आपण गप्प बसलो तरी ते मत धरलं जातं. आपल्याकडची वाहन मानकं लिहिण्याचं काम ज्या समित्यांतून चालतं त्यांचं सचिवालय पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये आहे. कुंभार्ली घाट तिथून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर. जगातल्या फार थोड्या मानक-संस्थांना हिवाळ्यात ट्रॉली, पावसाळ्यात धुकं आणि वर्षभर दुचाकी इतक्या जवळ मिळत असतील.

‘आमचे रस्तेच वेगळे’ हे वाक्य आपण बहुतेक वेळा कौतुकाने किंवा हताशपणे वापरतो, आणि दोन्ही वेळा काम टाळायला वापरतो. ते पुरावा म्हणून वापरता येईल. उसाचा हंगाम, चढणाऱ्याला आधी वाट, हॉर्नची आणि डिपरची भाषा, डांबराखाली उतरणारं चाक: हे सगळं मोजता येतं, चित्रित करता येतं, प्रसंग म्हणून लिहिता येतं. लिहिलं तर उद्याची सेफ्टी केस वाचणाऱ्याला ‘हे पान कुठे आहे?’ असं विचारायचा हक्क राहतो. सोबत आणखी एक अट हवी: भारतात विकलेल्या अशा प्रत्येक यंत्रणेची अपघाताची नोंद कंपनीच्या सर्व्हरपुरती न राहता तपास करणाऱ्याला आणि शेवटी अभ्यास करणाऱ्या कोणालाही वाचता यावी. आणि ट्रॉलीला दिवा लावण्याचं काम यंत्रावर ढकलू नये. तो दिवा आजच लागला पाहिजे. त्यासाठी जिनिव्हाला जावं लागत नाही, कारखान्याच्या गेटवर तपासलं तरी पुरे.

रेग्युलेशन १५७ मधला माणूस वाईट नाही. तो कमी प्रवास केलेला आहे. त्याने कोरडे, दुभाजक असलेले, माणसं नसलेले रस्ते पाहिलेत आणि तिथे तो जबाबदारीने वागतो. पुढच्या दस्तऐवजात तो येईल तेव्हा त्याच्या अंगावर आपल्याकडच्या पावसाचे चार थेंब असावेत, एवढ्यासाठी कोणीतरी त्या खुर्चीत बसून बोललं पाहिजे. कोयनेत शून्य पुसायला १९६७ उजाडावं लागलं. या वेळी हंगाम कधी सुरू होतो ते आपल्याला आधीच माहीत आहे.